आशूची स्पेनमधली आजी

प्रिय सुंदरे,

तिकडं सगळी बरी आहेत ना? सासूबाईंचा गुडघा आता दुमडतो का? मामंजींचा खोकला थांबला का? आमच्या माणसाची विडी सुटली, की तिथंही कुणाकडून तरी मागून ओढतो? आणि तुझी कंबर गं? उसाच्या मोळ्या वाहून वाहून मोडलेली ती कंबर! आता तरी पाठ टेकून झोपतेस ना?

इकडं तुझा लेक भागवत बरा आहे. सूनबाई बरी आहे. भाऊजी या वयातही शेळ्यांमागं डोंगर चढतात, कुणाचं ऐकत नाहीत. मी धडधाकट आहे. फक्त जळतेय. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी!

तुला वाचता यायचं नाही, ठाऊक आहे मला. शेजारी कुणी शिकलेलं असेल तर वाचून घे. पण सासूबाईंसमोर नको हं.

लिहायला बसले त्याचं कारण तुझी नात. उद्या आशूला एक उत्तर द्यायचंय आणि ते माझ्या तोंडातून निघत नाही.

तू वर गेलीस तेव्हा आशू तीन वर्षांची होती. आता संभाजीनगरला कॉलेजात आहे. काय शिकते म्हणशील? स्पॅनिश! मी म्हटलं, बाई गं, ही भाषा आपल्याकडं कुणाशी बोलणार तू, शेळ्यांशी? तर म्हणाली, "मोठी आई, तिकडं जाऊनच बोलीन." आणि गेली की गं खरंच! कॉलेजानं चार पोरींना दोन महिन्यांसाठी स्पेनला धाडलं. एकेकीला एकेका घरात ठेवलं. जेवण त्यांच्यात, झोपणं त्यांच्यात, म्हणजे भाषा आपोआप येते म्हणे.

आशूच्या वाट्याला आली पिलार नावाची म्हातारी. माझ्याच वयाची. घरात लेक, सून, गावाबाहेर जैतुनाची झाडं. जाताना मी आशूला येसर, आपला आमटीचा मसाला, भाजून-कुटून दिलं. कुठं मिळायची तिला येसराची आमटी त्या मुलखात!

पहिल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा डोळे भरलेले होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी डोळे कोरडे.

तिसऱ्या रविवारी म्हणते कशी, "मोठी आई, पिलारच्या हातचं बटाट्याचं आमलेट लई भारी असतंय!" अंड्यात बटाटा घातला, त्याचं एवढं काय कौतुक? आपण काय कधी अंडी बघितली नाहीत? आणि ती माणसं रात्री दहाला जेवतात, दुपारी दार लावून झोपतात. तेही आशूला गोड वाटायला लागलं. इथं दुपारी मी जरा पडले तर म्हणायची, "किती झोपती गं!"

पुढं ऐक. माझं येसर त्या बाईनं हरभऱ्याच्या कालवणात घातलं, आणि आशूनं बोटं चाटत खाल्लं. "आपल्यापेक्षा भारी झालतं!" आपल्यापेक्षा! भाजलं मी, कुटलं मी, आणि नाव तिचं!

नंतर ती पिलारला 'आबुएला' म्हणायला लागली. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, आजी.

सुंदरे, छातीत मिरची कुटल्यासारखं झालं बघ. मी कोण मग? चुलीपुढची थोटकी लाकडं?

आशू परत आली ती काळवंडून, पण हसत. आल्या आल्या पिलारचं पुराण. आणि परवा तिनं विचारलंच. "ती म्हणती पुढच्या उन्हाळ्यात परत ये. या खेपेला कॉलेज न्हाई, तीच बोलावतीय. जाऊ का?"

भागवत म्हणाला, "मोठ्या आईला इचार. ती हो म्हणली तर जा."

मी म्हटलं, "काय गरज न्हाई. हितं काय उपाशी मरतीस का?"

"पण कावून न्हाई?"

"ती बाई मला पसंत न्हाई. आठ रविवार झाले, येकदा तरी तोंड दाखवलं का तिनं? फोन तुझ्या हातात देती आन् सटकती. लई शिष्ट दिसती."

आशू माझ्याजवळ सरकून बसली. मग हळूच म्हणाली, "अगं, शिष्ट न्हाई ती. आपल्याकडं दिवस कलला की त्यांची दुपारच्या जेवणाची वेळ असायची. ताटं वाढलेली असायची. मी म्हणायचे, जेवून करते फोन. तर ती म्हणायची, आधी तुझ्या आजीशी बोल, ही वेळ तिची आहे. आन् बाहेर अंगणात जाऊन बसायची. माझं बोलणं होईस्तोवर घरातलं कुणी घास तोंडात घालायचं न्हाई."

मी उठले आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले. पाला आधीच टाकलेला होता.

आता सांगते, का उठले ते.

तुला आठवतं? साखर कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली, की तुमची टोळी ट्रकनं नेकनूरच्या रस्त्याला उतरायची. सहा महिन्यांनी लेकराला बघायला तू हातपाय न धुता धावत यायचीस. भागवत चार वर्षांचा होता त्या साली तू त्याच्यासाठी काकवीची बाटली आणलेलीस, सगळ्या वाटेनं मांडीत धरून. बसलीस, भाकरी कुस्करलीस, वर काकवी घातलीस आणि घास पुढं केलास.

त्यानं तोंड घट्ट मिटलं. "पोट भरलंय," म्हणाला आणि माझ्या लुगड्यामागं लपला.

तू म्हणालीस, "असू द्या अक्का, भूक नसंल त्याला." आणि तो घास तूच खाल्लास, भिंतीकडं तोंड करून.

सुंदरे, तुमचा ट्रक येणार हे मला सकाळीच कळलं होतं. मी त्याला मुद्दाम दूधभात चारला. नको म्हणत होता तरी चारला. पहिला घास तुझ्या हातचा त्याला लागू नये म्हणून! माझी कूस रिकामी, आणि सहा सहा महिने तो मला आई म्हणायचा. तू आलीस की मी पुन्हा नुसती चुलती. ते मला सोसत नव्हतं गं.

तुला कळलं होतं का तेव्हा? कळून गप्प राहिलीस का? की पुढच्या हंगामाला त्याला माझ्याच पदरात टाकून जायचं होतं, म्हणून बोलली नाहीस? एकदा तरी भांडायचंस! माझ्या झिंज्या धरायच्यास!

साता समुद्रापलीकडची, ना नात्याची ना गोत्याची बाई स्वतःचं ताट थांबवून दुसऱ्याच्या लेकराची आपल्या माणसांसाठीची भूक तशीच जपून ठेवते. आणि मी सख्खी जाऊ असून भरवत सुटले. माझं जळणं विझलंय असं समजू नकोस. आता तर दुप्पट जळते त्या पिलारवर. मला जे जमलं नाही ते तिला जमलं म्हणून.

तर ऐक, शब्द देते. उद्या सकाळी चहाच्या आधी आशूला सांगते, जा. तोंड वाकडं न करता सांगते. आणि भागवतला त्या दूधभाताचं सगळं सांगते, काही न लपवता. तो आता दोन लेकरांचा बाप आहे. माझ्यावर चिडला तर चिडू दे, चार दिवस बोलला नाही तरी चालेल. पण आपली आई त्या दिवशी काय घेऊन आली होती, हे त्याला कळायला पाहिजे.

पत्राचं उत्तर मात्र लवकर धाड. कुणाकडून तरी लिहून घे. शिव्या असल्या तरी अक्षर न् अक्षर वाचीन. वाचायला मी भागवतच्या पाटीवरच शिकले. तो गिरवायचा, मी मागून बघायचे, आणि तू तेव्हा फडात ऊस तोडत होतीस.

तुझी थोरली जाऊ,
कौसल्या