आत्या व्हेलिका हयात आहे

ड्रेनोवो, ३ सप्टेंबर १९९९

सोफियात स्थायिक झालेल्या माझ्या तमाम भाच्यांनो, अनेक आशीर्वाद.

आपल्या घरावर भरदिवसा दरोडा पडला आहे! चाळीस वर्षं मी अंगणात लाल मिरच्या भाजून चटणी घोटते, बरणीवर माझं नाव नि तोंड चिकटवते. आता कारखानदार मेतोदीच्या बरण्यांवरही ‘आत्या व्हेलिका’! चव ओल्या पुठ्ठ्याची. जाब विचारला, तर म्हणतो, व्हेलिका काय जगात एकच आहे? अरे, मग तोंड तरी दुसरं लाव!

रादोस्लाव, तू शिकलेला. नावाची नोंदणी कर. गप्प बसणाराही चोरच.

तुमची आत्या

सोफिया, ११ सप्टेंबर

ती. आत्यास, रादोस्लावचा शि. सा. न.

अर्ज केला. तुझ्या फोटो-नावाच्या चिन्हाची काळी-पांढरी प्रत सोबत आहे, चौकट मुद्दाम ठळक केली. दोन गोष्टी अडल्यात. चेहरा हयात बाईचा, म्हणून तिची लेखी संमती हवी. आणि मेतोदीच्या आधीपासून हे नाव तुझं होतं, याचा पुरावा. बिलं आहेत का? तू कधी बिल फाडलंस म्हणा! मला सध्या तिकडे यायला सवड नाही. तोवर प्रत जपून ठेव. लोभ आटू देऊ नकोस, बरण्याही.

तुझा रादो

ड्रेनोवो, २० सप्टेंबर

चि. रादोस्लावास आशीर्वाद.

जपून ठेवायला मी काय भित्री? तीस नकला काढल्या नि चोरांना दिसाव्यात म्हणून खांबाखांबावर डकवल्या. काळी चौकट, मधे फोटो, खाली नाव. आपल्याकडे असा कागद फक्त मेलेल्याचा लावतात, हे संतापात कुणाला आठवतं?

बाजारातून परतले, तर अंगणात पाद्री, मेलेल्याच्या नावाने वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू आणि निम्मं गाव. माझ्याच बरण्या फोडून पावाला लावत होते. असा हात पुन्हा होणे नाही, म्हणत होते. जिवंतपणी यांनाच माझी चटणी खारट लागायची!

मेतोदी आला तोही मेलेल्याला वाहतात तशी सम संख्येची फुलं घेऊन. पाद्र्यासमोर ढसाढसा रडला, की नाव तिचंच होतं, मी उचललं, आता मेलेल्या बाईपासून काय लपवायचं. तेवढ्यात मी दाराआडून पुढे झाले. तो मटकन गव्हाच्या परातीतच बसला. शोकवहीत त्याचा कबुलीजबाब लिहून घेतला. खाली त्याची सही, पाद्र्याची आणि वीस साक्षीदारांची.

पुरावा झाला. राहिली हयात बाईची संमती. गावातले काही अजून माझ्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण करतात, पण सहीचा हात शाबूत आहे. माझ्यावर लोभ असेल, तर तो पत्रात लिहू नकोस. शनिवारच्या पहिल्या बसने संमतीचा कागद घेऊन ये.

अद्याप हयात,
आत्या व्हेलिका