नवसाच्या कोंबड्या

फलटण, मार्गशीर्ष, १९४६

चिरंजीव लालासाहेब यास आशीर्वाद.

युद्ध संपून वर्ष उलटले. तुझी पलटण ब्रह्मदेशातून परतली. तू परतला नाहीस. ‘बेपत्ता’ हा शब्द मला संदिग्ध, म्हणूनच असह्य वाटतो.

तू सुखरूप यावास म्हणून आईने म्हसोबाला दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, बोलल्या होत्या. त्या अडाणीपणाबद्दल मी तिला यथेच्छ सुनावले होते. आता त्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. अंडी देत नाहीत. एक तर आंधळी होऊन दाणा चाचपते. नवसाच्या म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही.

आज सकाळी आईने माझ्यापुढे सुरी ठेवली.

“अर्जुना, काप त्यास्नी. देवाचं देणं आता ऱ्हायलं न्हाई.”

“नवस फळल्यावाचून कापायच्या नाहीत!” मी ताडकन म्हणालो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुझा कवापास्नं इस्वास बसला रं, मास्तरा?”

मी सुरी फडताळात ठेवली आणि खुराड्यापाशी बसून आंधळीला तळहातावर जोंधळे चारले.

तुझ्या पत्त्याची वाट पाहणारा,
दादा