दोर धरणाऱ्याचा श्वास

प्रिय प्रवीण,

'प्रिय' लिहून हात थांबला. खोडणार होते, पण घरात कोरा कागद एवढाच होता, म्हणून राहू दिलं.

आठवतं का, चिमूरच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला तू माझा तळहात पुढे करायला लावला होतास. आधी तोंड उघडून 'हा' केलंस, हात गरम. मग ओठ आवळून फुंकलंस, हात गार. म्हणालास, अडीच हजार वर्षांपूर्वी मिलेटस नावाच्या ग्रीक गावातल्या एका माणसाने सांगितलं की सगळं जग हवेचंच झालंय; विरळ झाली की आग, दाटली की पाणी, माती, दगड. आपला जीव म्हणजेही हवाच, आणि श्वास जसा आपल्याला आतून बांधून ठेवतो तसा वारा जगाला. मला निम्मंच कळलं. हात मात्र दिवसभर धुतला नाही, हे आज सांगून टाकते.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढं समजाले ग्रीसले काऊन जा लागते? वारलूले इचार." वारलूकाका म्हणजे त्यांचा दोर धरणारा. आपल्या तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं भोक आहे, त्यात लाकडी दट्ट्या. धान निसवायला, लोंब्या धरायला आलं की बाबा बुडी मारून तो काढायचे. दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं काकांच्या हातात. बाबांनी पाण्यात डोकं घातलं की काकाही काठावर श्वास रोखायचे, आणि स्वतःचा दम संपला की काही न विचारता दोर ओढायचे. कारण खाली गेलेल्या माणसाला आपला दम कळत नाही, हातातलं काम तेवढं कळतं. तू हे ऐकून किती हरखला होतास. पुढे चंद्रपूरला शिकवायला लागलास तरी दर भेटीत तेच विचारायचास.

गेल्या कार्तिकात वारलूकाका तापाने पडले होते. तू विद्यार्थ्यांना बुडी दाखवायला घेऊन आला होतास. दोर तुला धरू द्या, हे मीच बाबांना म्हटलं. आपलं लग्न ठरल्यातच जमा होतं, मग परका कसा समजायचा तुला? बाबांनी तुला दोनदा बजावलं, "दम सोडू नको बरं, जावईबापू." तू हसलास.

वर काढलं तेव्हा बाबा काळेनिळे झाले होते. दवाखान्यात नऊ दिवस मशीन त्यांच्यासाठी श्वास घेत होती. दहाव्या दिवशी तीही बंद केली. तू सगळ्यांना सांगितलंस की डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत दम धरला होता, तुझं काही चुकलं नाही. आणि मग हळूच म्हणालास, बाबांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. बाबा पाण्यात उतरायच्या आधी चहासुद्धा घेत नव्हते, हे तुला माहीत होतं. तरी मी तुझंच खरं मानलं. वर्षभर बापाचाच राग केला मी, त्यांच्या फोटोला हारसुद्धा मनापासून घातला नाही. तुझी दुसरीकडे सोयरीक झाल्याचं कळलं तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात तुझ्या विद्यार्थिनीने, रिनाने, त्या दिवशीचा व्हिडिओ पाठवला. बाबांची आठवण म्हणून, बिचारीच्या मनात काही नव्हतं. बाबा डोकं पाण्यात घालतात आणि तू बोलायला लागतोस. ग्रीकांनी श्वासाला काय म्हटलं, दगडापासून माणसापर्यंत सगळ्यांना ताणून धरणारा तो एकच श्वास कसा, आणि तुझ्या हातातला दोर म्हणजे तेच कसं. तीन मिनिटं, मध्ये एकदा हसलाससुद्धा. शेवटी रिनाचा आवाज येतो, "सर, लटारूकाका?" श्वास रोखलेला माणूस बोलत नसतो रे प्रवीण. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला, कुठेतरी तू गप्प होशील म्हणून. गरम आणि गार एकाच तोंडातून निघतं, हे तूच तर दाखवलं होतंस.

मंगळवारी मच्छीमार सोसायटीची बैठक आहे. यंदा दट्ट्या कोणी काढायचा ते ठरायचंय. तीन पिढ्या तो मान आमच्या घरचा. आता म्हणतात, बेवड्याच्या घरच्यांना उतरू द्यायचं नाही. मी उतरते म्हटलं, तर माझ्या पोरगी असण्याला कुणी काही बोललं नाही, बाबांनाच बोलले. व्हिडिओ मी अजून कुणाला दाखवला नाही, आईलाही नाही. मला तो दाखवायचा नाही. मला तू तिथे उभा पाहिजेस. लटारूकाका प्यायले नव्हते, मी बोलत होतो, एवढं सगळ्यांसमोर म्हण आणि आपल्या वाटेने जा. दुपारपर्यंत वाट पाहीन, मग फोन काढीन. उतरणार मी आहेच. दोर आई धरणार आहे. रोज सकाळी चुलीपाशी बसून ती नाक दाबून दम रोखते आणि मी शेजारी आकडे म्हणते. काल साठाच्या वर गेली. मी खाली असताना ती एक शब्द बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे.

'तुझीच' लिहायची सवय होती.

लटारूची पोरगी,
दिव्यानी