टेबलाखालचा हात

रविवार, २३ फेब्रुवारी
झालं! ठरवून टाकलं यांनी. आमच्या जुळ्यांतली एक पोरगी पाडव्याला मोठ्या जाऊबाईंच्या ओटीत घालायची. मला विचारलं नाही, सांगितलं. तेही कुठं — औसा रोडवरच्या हॉटेलात, डोसा पुढ्यात असताना! सासूबाई म्हणाल्या, "तुला देवानं दोन दिल्या, हिला एक बी न्हाई. एवढं बी काळीज न्हाई का तुला?" आमचे हे मान खाली घालून खात राहिले. वर चटणी मागितली!

कोणती न्यायची ते अक्का ठरवणार. जाऊबाईंना आम्ही अक्काच म्हणतो. आणि ठरवायचं कसं? तर सासूबाईंचं नेहमीचं — "माणूस ताटावर कळतो." म्हणून पाडव्यापर्यंत दर रविवारी अक्का औशाहून येणार, पोरींना हॉटेलात न्यायचं, खाताना बघायचं. हाळीच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसं.

रविवार, २ मार्च
फॅमिली केबिन घेतली होती. ऋतुजानं पहिलाच पापड वेटरच्या अंगावर फेकला. दोन्ही हात भातात. असली किंचाळली की शेजारच्या केबिनमधून लोक डोकावले. सृष्टी मात्र एकेक शीत वेचून खात होती. मधेच अक्कांच्या तोंडात घास दिला तिनं. अक्का म्हणाल्या, "हीच. माझी बाय ती."

खरं लिहू? इथं कोण वाचतंय! ऋतुजा गेली तर मी रडेन, चार दिवस. सृष्टी गेली तर मरेन. अडीच वर्षं पोटात ठेवलंय हे. आईला असं वाटू नये म्हणतात. मला वाटतं.

बुधवार, ५ मार्च
यांना म्हटलं, नाही म्हणा की आईला. म्हणाले, "औशाला तर चाललीय. हैदराबादला चाललीय का?"

यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलावं.

रविवार, ९ मार्च
केलं.

सृष्टीला शेजारी बसवलं होतं. अक्कांनी घास पुढं केला, तिनं आ केला, आणि मी टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. पिळून! ग्लास आडवा झाला, भाजीचा रस्सा अक्कांच्या साडीवर. "आज काय झालं गं हिला?" मी हसून म्हणाले, "अशीच हाय, अक्का. घरी लई हट्ट करायलीय."

ऋतुजा समोर बसून गुलाबजाम चोखत माझ्याकडे बघत होती. तिला भात भरवायचा राहिलाच.

घरी येऊन खोबरेल तेल चोळलं. सृष्टी म्हणाली, "आई, बाऊ." बाऊ नाही गं. तुला ठेवून घेतेय.

रविवार, १६ मार्च
दोन चिमटे.

रविवार, २३ मार्च
आज हात टेबलाखाली गेला तशी सृष्टी रडायला लागली. चिमट्याच्या आधीच! तरी एक काढला, कसर नको. अक्का कंटाळून ऋतुजाला मांडीवर घेऊन बसल्या, वरणभात भरवला. ती मुकाट जेवली. सासूबाई म्हणाल्या, "ही द्वाड व्हती, पर सुधरली बघ."

जिंकले! घरी आल्या आल्या ऋतुजाचे फ्रॉक वेगळे काढून पिशवीत भरले.

शनिवार, २९ मार्च
अक्का सकाळीच आल्या. उद्या पाडवा, आज दोघींना मीच न्हाऊ घालते म्हणाल्या. मला अडवायला सुचलंच नाही.

न्हाणीतून हाक आली — "तनुजा! इकडं ये आधी." सृष्टी पाटावर उघडी बसलेली. मांडी निळी, कुठं पिवळी. अक्कांनी ऋतुजाला पुढून-मागून फिरवून दाखवलं. तिच्या अंगावर एक डाग नव्हता.

"एक आवडती अन् एक नावडती. पोटच्या पोरीला असं करतेस? ह्या लेकराचं तू वाटोळं करशील. मी हिलाच नेणार."

तोंड उघडलं मी. काय सांगणार होते? आवडती हीच आहे, म्हणून? माझं मलाच ऐकवलं नसतं ते. सासूबाई दारात उभ्या होत्या. हेही. यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा.
ओटीत घातली. रडली नाही. अक्कांच्या गळ्याला मिठी मारून गेली.

पिशवीतले फ्रॉक परत कपाटात लावले.

रविवार, १३ एप्रिल
हे म्हणाले, चल, जरा जीव रमेल. त्याच हॉटेलात गेलो, तिघंच. ऋतुजा माझ्या शेजारी, अगदी शहाण्यासारखी. माझा रुमाल पडला, तो घ्यायला मी टेबलाखाली हात घातला. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि दोन्ही हातांनी मांड्या झाकून घेतल्या.