वॉल्टच्या वडिलांचं पिंप

६ एप्रिल, रविवार
डेकवर पुन्हा पिवळा थर. पाइनचे परागकण. सकाळी पुसला, दुपारी जैसे थे. अमेरिकेत या कॅरी गावात राहायचं तर एप्रिलभर शिंकायचं.

इथल्या मराठी मंडळातलं माझं भाषण एकोणीसला. विषय: स्कॉटलंडमधल्या बंद पडलेल्या व्हिस्कीच्या भट्ट्या. कमिटीनं परस्पर ‘स्कॉटलंडचा औद्योगिक वारसा’ असं छापलंय. का, तर ज्येष्ठ मंडळी येणार. म्हणजे आमच्या सासूबाईंसारखी. आई मार्चमध्ये नाशिकहून आल्यात, त्यांना मी खरा विषय सांगून टाकला. “बरं,” म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी या ‘बरं’चा अर्थ मला लागलेला नाही.

७ एप्रिल
शेजारच्या वॉल्टनं भाषणात दाखवायला ओकचं पिंप दिलं. कळशीपेक्षा जरा मोठं. त्याचे वडील केंटकीत पिंपं बनवायचे. हे त्यांनी स्वतःच्या घरासाठी केलेलं, आणि त्यांच्या हातचं एवढं एकच उरलंय. वॉल्ट एरवी ते कायम व्हिस्कीनं भरलेलं ठेवतो. माझ्यासाठी रिकामं केलं. देताना दोन्ही हातांनी दिलं. मीही दोन्ही हातांनी घेतलं.

१२ एप्रिल, शनि.
आईंसमोर रंगीत तालीम. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “म्हणजे आधी हे घरोघरी चालायचं?” हो म्हटलं. उरलेल्या धान्याचं करायचे, बायकाही करायच्या. मग कर आला, लपवाछपवी आली, टेकड्यांत चोरून भट्ट्या लागल्या. मग परवाना स्वस्त झाला आणि राजरोस कारखाने उभे राहिले.
“आणि घरच्या बायका?”
हे माझ्या एकाही स्लाइडवर नाही. आता घालायला हवं.

१९ एप्रिल
झालं! छान झालं. स्वतःच्या तोंडानं म्हणायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

स्कॉटलंडमधल्या कॅम्बेलटाऊनचं सांगितलं. एवढंसं गाव, गल्लोगल्ली भट्ट्या, मग एकेक करत जवळपास सगळ्या बंद. मी इचलकरंजीची. मागांचा खडखडाट थांबलेली गल्ली कशी असते ते मला कुणी सांगायला नको. मग पिंप टेबलावर ठेवलं. बर्बन, म्हणजे इकडची व्हिस्की, भरायला नवंच पिंप लागतं, तसा कायदा. मग एकदा वापरलेलं पिंप स्कॉटलंडला नांदायला जातं. भट्टी बंद पडली तरी गोदामात पिंपांतला माल मुरत राहतो. भरणारा एक, पिणारा दुसराच. सगळे शांत ऐकत होते.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न: “टेस्टिंग आहे का, चाखायला?” नाही म्हटल्यावर मागच्या दोन रांगा चहाला गेल्या.

आई पहिल्या रांगेत होत्या, शेवटपर्यंत.

२३ एप्रिल, बुध.
संध्याकाळी ऑफिसातून आले तर पिंप डेकवर, उन्हात. भाषणाहून आणल्यावर त्यावर परागकण बसले होते, शिवाय आत ‘तो’ वास. दुसऱ्याची वस्तू अशी परत कशी द्यायची? म्हणून आईंनी रविवारीच गरम पाणी आणि सोड्यानं खळखळून धुतलं आणि रोज मी गेल्यावर उन्हात ठेवलं, लोणच्याच्या बरण्या वाळवतात तसं. नशीब, साबण नाही.

उचललं तर लोखंडी पट्टे सळकन खाली. फळ्यांमधून पलीकडचं दिसतंय. लाकूड आक्रसलं.

मी पोटापाण्यासाठी औषध कंपनीत टाक्या नीट धुतल्यात की नाही ते तपासते. माझा नवरा सुहास हे बोलून दाखवून हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की गप्प बसला. आईंना काहीच बोलले नाही, पण चेहरा लपवता येत नाही मला. वॉल्टच्या वडिलांची एकच वस्तू, आणि आमच्याकडे येऊन ही गत.

२४ एप्रिल
आई अर्धीच पोळी जेवल्या. सुहास म्हणाला, “आपण दुसरं ऑर्डर करू यार, सेम टु सेम मिळतं.” आईंनी त्याला झापलं. “त्याच्या बापानं केलेलं मिळतं का? मी सांगते वॉल्टला. माझ्या हातून झालंय.”

२५ एप्रिल, शुक्र.
गेलो तिघं. आई पुढे. इस्त्रीची साडी, हातात पिंप. “वॉल्टभाऊ, सॉरी. आय वॉश. सन. ब्रोकन.” एवढंच त्यांचं इंग्लिश, पण त्यात सगळं आलं.

वॉल्टनं पिंप हातात घेतलं. फळ्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा आपल्याला जा म्हणणार. मग गॅरेजमधून हातोडी आणली आणि पट्टे ठोकून ठोकून पिंपाच्या पोटाकडे सरकवले. यात खिळा नाही, गोंद नाही, म्हणाला. पाणी प्यायलं की लाकूड फुगतं. फुगलं तर फुगलं. घरी नेऊन भरत राहा.

फुगलं नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

२८ एप्रिल
पिंप बाथटबमध्ये. आई दर तासाला गरम पाण्याचा जग घेऊन वर. भरतात, वाहून जातं. भरतात, वाहून जातं. जिने चढू नका म्हटलं तर ऐकतील तर शपथ.

१ मे
धारांचे थेंब झाले! तळाशी एकच फट रडतेय. महाराष्ट्र दिनाचं झूम बुडवून मी आणि आई टबाच्या काठावर बसून ते थेंब बघत होतो. असं बसलं की त्या खूप बोलतात. या घरात आपल्याला नेमकं काय काम, असं त्यांना आल्यापासून वाटत होतं म्हणे. मला कधी कळलंच नव्हतं.

३ मे, शनि.
थेंब थांबला. परत द्यायला निघालो. मी पाणी ओतायला गेले तर आई म्हणाल्या, “थांब. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. आत काही घालता येत नाही, तर पाणी तरी राहू दे.” वर डबाभर रव्याचे लाडू.

मी वॉल्टला हे भाषांतर करून सांगितलं. तो आईंकडे बघतच राहिला. म्हणाला, “मिस आई, माझे वडील पिंपाबद्दल हेच सांगायचे. रिकामं ठेवलं की गेलं.” मग डबा उघडून तिथेच दोन लाडू खाल्ले.

४ मे
वॉल्टनं पाणी काढून दुकानातल्या बाटल्या ओतून पिंप भरलं. पाण्याला टिकलं म्हणजे व्हिस्कीला टिकेलच असं नाही, ती बारीक फट शोधून काढते, असं तो म्हणतो. खाली पुठ्ठा ठेवलाय.

१० मे, शनि.
आज खूप बरं वाटतंय, तसं कारण काहीच नाही. आईंना सकाळच्या फेरीला एक मुक्काम मिळालाय: वॉल्टचं गॅरेज. आज मीही गेले बरोबर. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. वॉल्ट म्हणे जुना असेल, मी म्हटलं नवा. ज्या बाई ‘व्हिस्की’ हा शब्द तोंडातून काढत नव्हत्या, त्या गुडघ्यावर हात देऊन खाली वाकल्या आणि पुठ्ठा नाकाशी धरला.

“पाण्याचा की त्याचा, नक्की सांगता येत नाही,” म्हणाल्या. “पुठ्ठा बदला. उद्या येते मी.”