गजूच्या कागदावरचं ‘नाही’

४ मार्च
गजूला जाऊन बावीस दिवस. गाडीवरून पडला, पाय मोडला, एवढंच. वाशीमला भूल दिली आणि पोराचं अंग लाकडासारखं ताठ. ताप चढतच गेला. पायाला हात लागलाच नाही.
मेथी फुलावर आली. कापवत नाही.

७ मार्च
भुलीच्या डॉक्टरांना भेटलो. म्हणाले, स्नायूंत कॅल्शियम सुटलं, आवरलं नाही. हे घराण्यात चालत येतं. “मी विचारलं होतं तुम्हाला, घरात भुलीत कोणी गेलं का?”
माझा धाकटा भाऊ वासुदेव. हाताच्या ऑपरेशनात असाच ताठून गेला. आई म्हणायची, बाहेरचं लागलं. आम्हीही तेच सांगत आलो. म्हणून कागदावर ‘नाही’. सही माझी.

८ मार्च
लेक वंदी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, नववा सरत आला. तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या बायकोनं, शांतानं, उकिरड्यावर फेकल्या. मी ओरडलो.
“एक लेकरू कॅल्शियमनं गेलं, दुसऱ्याले मीच चारू काय?”
डॉक्टरांनाच विचारायला हवं.

११ मार्च
पुन्हा वाशीम. गोळ्यांचा काही संबंध नाही. ते कॅल्शियम स्नायूच्या पेशीत आधीच साठवलेलं असतं. मेंदूचा हुकूम आला की साठ्याचं दार उघडतं, कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो. मग ते परत साठ्यात ओढलं जातं, स्नायू सैल. आमच्या घराण्यात त्या दारातच खोट. हुंगायच्या भुलीनं ते उघडं ते उघडंच राहतं.
वंदीत असेल, नसेल. सिझर लागलं तर कमरेतून भूल, ती चालते. “ती नाही लागली तर?” डॉक्टर म्हणाले, मग पुरी भूल. बिघडलं तर उतारा इथे मिळत नाही. आधी सांगा, एवढंच.
गोळ्या नवीन आणल्या.

१२ मार्च
शांता : “शिरपूरवाल्या व्याह्यांले कळू देऊ नका. खोटीचं घर म्हनतील, पोरीले नांदवतील काय?”
मी काही बोललो नाही. वंदी दारात होती. “बाबा, गजूच्या वक्तीबी तुमी गप्पच राह्यले.”
दिवसभर जेवण गेलं नाही.

१५ मार्च
सकाळी कळा. दवाखान्यात पोचलो तर विहीणबाई आधीच हजर. बाळ आडवं, सिझर. नर्स कागद घेऊन आली. घरात कोणाला भुलीचा त्रास?
शांतानं माझी बाही धरली.
“हो. दोघं गेले. भाऊ अन् मुलगा.”
नर्स पळतच आत गेली. विहीणबाई : “भाऊ, हे आमाले आज सांगता?”
वंदीला आत नेऊन पाऊण तास झाला. कमरेतली भूल लागली की नाही, कोणी बाहेर येऊन सांगत नाही. विहीणबाई तोंड फिरवून बसल्या, पण उठून गेल्या नाहीत. शांता भिंतीला कान लावून.
रडणं अजून ऐकू आलेलं नाही. कोणाचंच.