शेंगापोळी, ९६ कॅलरी

रवि., ४ जाने.
सकाळी कपडे धुतले, दोन बादल्या. एक वाजता मिहिर गाडी घेऊन आला, कोरमंगलाला जेवायला नेलं. त्याची आई, सु., गेल्यापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी नेतो. मुलगा आहे, जातो मी.
या वेळचं हॉटेल नवीन. मेनूत प्रत्येक पदार्थापुढे कॅलरीचा आकडा, किमतीपेक्षा ठळक. बिसिबेळे भात ४१२. चारशे दहा नव्हे, चारशे पंधरा नव्हे. होसकोट्याच्या कारखान्यात, मापं तपासायच्या गेज रूममध्ये एकतीस वर्षं काढली. ज्या ड्रॉइंगवर मापापुढे किती फरक चालेल त्याचं अधिक-उणे लिहिलेलं नसे ते आम्ही परत पाठवायचो. इथे आचारी पळीने अंदाजे वाढतो आणि आकडा मात्र शेवटच्या अंकापर्यंत.
वेटरला विचारलं, हे मोजतं कोण? "सिस्टमनल्ले बरुत्ते, सर." सिस्टममध्येच येतं म्हणे.
मिहिर म्हणाला, "बाबा, त्याला कशाला छळताय? हिरव्या पानाची खूण बघा आणि मागवा."
मागवलं. उकडलेली ज्वारी, कच्ची काकडी, वर चार डाळिंबाचे दाणे. गाईम्हशींना याहून बरं आंबोण मिळतं. शेजारच्या टेबलावर चौघं जण आकडे वाचून एकमेकांना घाबरवत होते. मग त्यांनी सगळ्यात मोठ्या आकड्याचं आइस्क्रीम मागवलं आणि त्याचे फोटो काढले.
परतताना गाडीत मिहिरने विषय काढला. सु.चं वर्षश्राद्ध तिथीने सोम. १९ ला. त्याच हॉटेलवाल्यांकडून जेवण मागवायचं म्हणतो. कमी तेल, साखर नाही, प्रत्येक डब्यावर कॅलरी. "पंचवीस माणसं येणार, त्यातल्या निम्म्यांना शुगर आहे."
बघू म्हटलं. नको म्हणायला हवं होतं.

मंगळ., ६
गुरुजींना फोन. वडे, खीर, आमसुलाची चटणी, नेहमीची यादी. "आणि त्यांच्या आवडीचं एक काहीतरी घरी करा."
आवडीचं म्हणजे शेंगापोळी. सु. बेळगावची. संक्रांतीला शेंगापोळी आणि शेजारी तुपाची वाटी नसेल तर तिच्या लेखी सण झालाच नाही.
मला येत नाही. चहा, भात, आमटी, एवढंच येतं.

गुरु., ८
सु.च्या धाकट्या बहिणीचा, मालूचा, बेळगावहून फोन.
"काय वो दाजी, मिहिर म्हणतोय डबे येणार आणि वर आकडे असणार?"
होय म्हटलं.
"मग पिंडाला पण एक चिकटवा की. आणि कावळ्याला चष्मा द्या."
हसलो. बऱ्याच दिवसांनी.
"हसू नका. अक्कानं शेवटचं वर्ष काय खाल्लं, सांगा बघू."
आवाज येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला. येत होता.

रवि., ११
मिहिरने त्या हॉटेलच्या केटररकडून नमुन्याचा डबा पाठवला. त्यात शेंगापोळी. त्याच्या लक्षात होतं, हे मान्य. पण गुळाऐवजी खजूर, कणकेऐवजी ओट्स, तुपाचा थेंब नाही. चव पुठ्ठ्याची. झाकणावर लिहिलेलं : 'आठवणींची चव, अपराधाशिवाय. एक नग ६० ग्रॅम, ९६ कॅलरी.' अपराध कोणाचा ते लिहिलेलं नाही.
स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. एक पोळी ७४ ग्रॅम, दुसरी ६८. असल्या लोकांना गेज रूमच्या दारातही उभं केलं नसतं. काट्याचा फोटो मिहिरला पाठवला. बघ म्हटलं तुझे आकडे.
त्याचं उत्तर आलं : "बाबा, चौदा ग्रॅमने काय होतं?"
हेच सु. विचारायची. रोज. आणि काय होतं ते मी तिला सांगायचो.

सोम., १२
लिहून ठेवतो.
सु.च्या खाण्याचा चार्ट मिहिरने केला, मोबाइलवरचं ॲप त्यानेच घालून दिलं, पण काटा माझा होता. दर रविवारी प्रमाणित वजन ठेवून तपासायचो. वर्षभरात एका ग्रॅमनेही चुकला नाही. तिचा भात, तिची भाजी, तिची अर्धी भाकरी, सगळं त्यावर. डॉक्टर इतकंच म्हणाले होते, खाण्यात जरा जपा. 'जरा'ला आकडा नव्हता. तो आम्ही दिला.
गेल्या संक्रांतीला तिने शेंगापोळी मागितली. मालूने पाठवलेली होती. मी कापून दिली. तीस ग्रॅम, तूप नाही. तिने ताटली माझ्याकडे सरकवली.
"असू द्या. ते तीस ग्रॅम तुम्हीच खा."
खाल्ले. वाया जाऊ नये म्हणून. ॲपने त्या दिवशी तिचं अभिनंदन केलं.
सोळा दिवसांनी गेली. झोपेत, हृदय बंद पडून.

गुरु., १५
संक्रांत. वर्ष व्हायचंय, घरात काही केलं नाही. समोरच्या गौरम्मा एळ्ळु-बेल्लाची पुडी घेऊन दारात उभ्या. तीळगूळ शोकाच्या घरात द्यावा की नाही, हा प्रश्न. "अण्णा, कोडबहुदा?" देऊ का म्हणून. द्या म्हटलं.
शेंगापोळीला कणीक कशी भिजवायची विचारलं. त्या बघतच राहिल्या. एकट्याला स्वल्प कष्ट होईल म्हणाल्या, मी करून देते. नको म्हटलं.
संध्याकाळी मिहिरला फोन केला. केटरर नको, घरी करणार.
"तुम्हाला येतं?"
"शिकतो."
"बाबा, आई खाण्यापायीच गेली. तेच परत तिच्या नावाने सगळ्यांना वाढायचं?"
"शेवटचं वर्ष ती खातच नव्हती. आपण दोघं मोजत होतो."
मग म्हणाला, मीटिंग आहे.
एवढं मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. फार बोललो की कमी, कळत नाही.

शनि., १७
मिहिरचा फोन नाही. केटररचा आला. "फायनल हेडकाउंट, सर?" मुलाला विचारा म्हटलं. श्राद्धाला 'इव्हेंट' म्हणत होता. शेवटी विचारतो कसा, डेझर्टला कॅलरी-कार्ड उभं ठेवू की आडवं. फोन ठेवून दिला.
पोळ्या करून बघितल्या. चार फाटल्या, एक जळली. मालूला व्हिडिओवर दाखवल्या.
"हे काय वो दाजी, तुमच्या बनशंकरी एरियाचा नकाशा?"
उद्याच्या बसने येते म्हणाली. "पण लाटायच्या तुम्हीच. मी नुसती बसणार."
सारण मात्र जमलंय. गूळ जास्त झाला असावा. असू दे.

रवि., १८
सकाळी मिहिरचा मेसेज. "केटररला अजून नको म्हटलेलं नाही. उद्या सातला येतो."
तीनचार वेळा वाचला. येतो तो डबे घेऊन की नुसता, ते त्यातून कळत नाही. 'अजून' का लिहिलं तेही नाही. विचारावं असं वाटलं. 'ये' एवढंच लिहिलं.
मालूची बस संध्याकाळी पोचेल. दुपारी दोन कढया शेंगदाणे भाजले. पहिली कढई गार झाल्यावर दाणे जुन्या टॉवेलात चोळले, ताटात घेऊन बाल्कनीत फुंकले. निम्मी सालं वाऱ्याने परत घरात आली. केरसुणी घेऊन ती झाडून काढली आणि दुसऱ्या कढईतले दाणे चोळायला बसलो.